एका हाकेची किंमत

२०२१ सालचा आषाढ चालू होता. २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूण शहर पोटात घेतले. वीज गेली, वीजेच्या पाठोपाठ दूरध्वनी गेले, खिशातली भ्रमणयंत्रे मुकी झाली, आणि माडीवर अडकलेल्या माणसांना आपण जिवंत आहोत एवढेही पुण्यामुंबईच्या नातलगांना कळविता येईना. या घटनेला पंधरवडाही उलटला नव्हता तोच, आमच्या किनाऱ्यापासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात निसर्गाने तोच खेळ पुन्हा मांडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सिंध आणि पार्वती या नद्या पात्र सोडून धावल्या. दतिया जिल्ह्यातील पूल एकामागून एक वाहून गेले, श्योपूरचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटला, आणि लष्कर व वायुदल यांना पाचारण करावे लागले. दोन्ही ठिकाणी मदत करणारे हात तयार होते आणि मदत मागणारे कंठही होते. दोहोंमधला धागा तेवढा तुटलेला होता.

हा धागा कोणी विणायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि त्याचे टोक कोणाच्या हाती ठेवायचे, हे तीन प्रश्न आज देशातील प्रत्येक मध्यम आकाराच्या शहरापुढे उभे आहेत. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्या निरनिराळ्या बिनतारी यंत्रणा मोडून त्या जागी सबंध प्रांताची एकच सामायिक यंत्रणा उभारावी, असा आजचा ओघ आहे. ओघ योग्य दिशेचा आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु योग्य दिशेने निघालेल्या गाडीचेही भाडे असते, आणि ते न विचारता गाडीत बसणारा प्रवासी मध्येच कोठेतरी उतरविला जातो. हे भाडे कसे मोजावे, याचा विचार ग्वाल्हेरच्या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते.

ग्वाल्हेर आम्हांस परके नाही. दौलतराव शिंद्यांचा तळ पडला आणि त्याचेच 'लष्कर' हे शहर झाले. ज्या ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणून रुजविली आणि जेथे झाशीच्या राणीने देह ठेवला, ते गाव मराठी मनाच्या नकाशावरून कधी पुसले गेलेले नाही. परंतु आज आम्ही त्या वैभवाकडे वळत नाही. आमची नजर आहे ती तेथील मोतीमहालाकडे. मध्यभारत राज्याच्या विधानसभेचे कामकाज एके काळी या प्रासादात चाले. आज तेथेच शहराचा एकत्रित नियंत्रण कक्ष आहे. चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची चित्रे भिंतीएवढ्या पडद्यावर उमटतात आणि कर्मचारी त्यांवर डोळा ठेवून असतात. परंतु या कक्षाचा मेंदू संपूर्णतः ग्वाल्हेरात नाही. २०१८ साली मध्य प्रदेशाने भोपाळ, इंदूर, जबलपूर, उज्जैन, ग्वाल्हेर, सागर आणि सतना या सात शहरांसाठी एकच सामायिक संगणक-केंद्र भोपाळला उभारले. सात शहरांनी सात केंद्रे बांधण्यापेक्षा एकच बांधावे, हा त्यामागील हिशेब. हिशेब साधा आहे आणि बरोबरही आहे.

पोलिसांची गोष्टही तशीच. १ नोव्हेंबर २०१५ रोजी मध्य प्रदेशात 'डायल १००' ही राज्यव्यापी सेवा सुरू झाली. ग्वाल्हेरच्या गल्लीतून केलेला फोन चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या भोपाळच्या कक्षात वाजू लागला, आणि तेथून ग्वाल्हेरच्याच रस्त्यावरील पोलिसांच्या गाडीला बिनतारी आज्ञा जाऊ लागली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिच्या जागी 'डायल ११२' आली. पोलिसांचा १००, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ हे सारे एका क्रमांकाच्या छत्राखाली आणण्याचा संकल्प तेव्हा जाहीर झाला. या एका क्रमांकामागे देशाचीही एक वेदना आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर जो निर्भया निधी उभा राहिला, त्यातून ३२१ कोटी ६९ लाख रुपये देशभरच्या ११२ योजनेसाठी मंजूर झाले, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाने तिचा आरंभ केला. संकटातील स्त्रीने कोणता क्रमांक फिरवावा याचा विचार करीत बसू नये, ही त्यामागची भावना. तिच्याशी कोण वाद घालील?

वाद आहे तो पुढे. पोलीस राज्य शासनाचे. १०८ ची रुग्णवाहिकाही राज्य शासनाच्या आरोग्य खात्याची. पण आगीचा बंब? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविण्याच्या अठरा कामांची यादी आहे, आणि तीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्वाल्हेरचे अग्निशमन दल ग्वाल्हेर महापालिकेचे आहे. बंबाचे डिझेल, जवानाचा पगार, त्याच्या खांद्यावरचे बिनतारी यंत्र या सर्वांचा खर्च शहराच्या घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून निघायचा. तेव्हा तीन सेवा एका जाळ्यात आल्या म्हणजे तिघांपैकी दोघांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून जातो आणि तिसऱ्याच्या नावे मात्र शहराच्या तिजोरीवर देयक येते. आज्ञा भोपाळची, बंब ग्वाल्हेरचा, आणि देयक ग्वाल्हेरकरांचे, अशी ही वाटणी होऊ पाहते.

मग शहराने या जाळ्यात जाऊच नये काय? असे म्हणणारे काही स्थानिक अभिमानी असतात. त्यांना आम्ही ग्वाल्हेरच्याच एका जुन्या रेल्वेची आठवण करून देऊ. शिंदे सरकारने स्वतःच्या खर्चाने दोन फूट रुंदीची चिमुकली लोहमार्ग-व्यवस्था उभारली. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी ती गाडी सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर रमतगमत दिवसभरात कापी. ती गाडी संस्थानाची शान होती. पण तिचा डबा ग्वाल्हेर स्थानकाबाहेरच्या मोठ्या रुळावर चढू शकत नसे. प्रत्येक पोते उतरवावे लागे आणि दुसऱ्या गाडीत भरावे लागे. अखेर २०२० च्या मार्चमध्ये ती थांबली आणि तिच्या जागी रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. वेगळ्या लहरींवर बोलणारे अग्निशमन दल म्हणजे ही दोन फुटी गाडी होय. स्वतःच्या हद्दीत ती ऐटीत धावते. हद्द ओलांडायची वेळ आली की प्रत्येक निरोप उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. धान्याच्या पोत्याला तो विलंब चालतो. धुरात कोंडलेल्या माणसाला चालत नाही.

आमच्या दर्यावर्दी वाचकांना तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. समुद्रावर कोणत्याही देशाचे, कोणत्याही धन्याचे जहाज असो, संकटाची हाक व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर द्यायची आणि प्रत्येकाने ती ऐकायची, हा सर्व जगाचा नेम आहे. तो फुकट मिळालेला नाही. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडत असताना जवळच्या एका जहाजावरील बिनतारी चालक यंत्र बंद करून झोपी गेला होता. दीड हजार माणसे गेली, आणि मग जगाला शहाणपण सुचले. न्यूयॉर्कलाही ११ सप्टेंबर २००१ रोजी याच धड्याची उजळणी करावी लागली. मनोरा कोसळण्याच्या बेतात असल्याचा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिला गेला. परंतु पोलिसांचे बिनतारी जाळे वेगळे, अग्निशमन दलाचे वेगळे. जिन्यांवरून वर चढणाऱ्या जवानांच्या यंत्रांवर तो इशारा येण्याची सोय नव्हती. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. जगातील सर्वांत श्रीमंत शहराची ही स्थिती असेल, तर अलग अलग राहण्याचा अभिमान कोणी बाळगावा?

ग्वाल्हेरला तर भूगोलही अलग राहू देत नाही. शहराच्या मधोमध सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आणि शंभर मीटर उंचीचा किल्ल्याचा खडक उभा आहे. लष्कर एका अंगाला, जुने ग्वाल्हेर दुसऱ्या अंगाला, मुरार पलीकडे. पोलीस व अग्निशमन दल ज्या उच्च वारंवारितेच्या लहरी वापरतात त्या सरळ रेषेत धावतात. मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते, आणि त्या सावलीतला माणूस कोणास ऐकू येत नाही. यासाठी उंचावर पुनःप्रक्षेपक बसवावे लागतात. एकाच उंचवट्यावर तीन खात्यांनी तीन मनोरे उभारण्यापेक्षा एक मनोरा तिघांनी वापरावा, यात शहाणपण आहे. विशेषतः तो उंचवटा म्हणजे संरक्षित ऐतिहासिक वास्तू असेल तेव्हा तर आहेच. शिवाय सामायिक यंत्रणेत लहरींचीही बचत होते. प्रत्येक खात्याला स्वतंत्र वाहिनी दिली, तर एकीवर गर्दी होते आणि दुसरी रिकामी पडून राहते. सर्व वाहिन्यांचा एकच साठा केला, की ज्याला ज्या क्षणी गरज त्याला मोकळी असेल ती वाहिनी मिळते. बँकेत एका लांब रांगेतून मोकळ्या खिडकीकडे माणूस जातो, तसे हे आहे. लहरी ही राष्ट्राची संपत्ती. तिचा परवाना केंद्र सरकार देते आणि तो अमर्याद नसतो. तेव्हा काटकसर हवीच.

सारांश, सामील व्हावे. पण सामील होताना जे अंदाजपत्रक सभागृहापुढे ठेवले जाते, त्यात बहुधा एकच आकडा ठळक असतो: यंत्रांच्या खरेदीचा. आमची तक्रार येथे आहे. घर बांधून पाहावे असे आपल्याकडे म्हणतात. ते बांधून झाल्यावर चालवून पाहावे, हे सांगायचे राहून जाते. दहा वर्षे चालणाऱ्या यंत्रणेची खरेदी एकदाच होते, देखभाल मात्र दहादा करावी लागते. हातातल्या प्रत्येक यंत्राची बॅटरी काही वर्षांत दम सोडते. मनोऱ्याला वीज लागते, वीज गेली तर जनित्र लागते, जनित्राला डिझेल लागते आणि डिझेलला रखवालदार. संगणकाच्या कार्यप्रणालीचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. नवे यंत्र हाताळण्याचे शिक्षण जवानाला द्यावे लागते, आणि तो शिकत असताना त्याच्या पाळीवर दुसरा उभा करावा लागतो. नवी यंत्रणा अंगवळणी पडेपर्यंत जुनी बंद करता येत नाही. म्हणजे काही काळ दोन्हींचा खर्च. या सर्व रकमा लहान लहान दिसतात. परंतु दाराशी हत्ती आणणे वेगळे आणि त्याला रोजचा चारा घालणे वेगळे.

हा चारा कोण घालणार, हा प्रश्न ग्वाल्हेरपुढे आज टळटळीत उभा आहे. ग्वाल्हेरची निवड स्मार्ट सिटी योजनेत २० सप्टेंबर २०१६ रोजी झाली. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाचशे कोटी रुपये आणि तितकीच भर राज्य व नगरसंस्था यांनी घालावयाची, असा त्या योजनेचा साचा होता. त्या पैशांतून कक्ष उभे राहिले, पडदे उजळले. ३१ मार्च २०२५ रोजी ती योजना संपली. योजना संपली, पण पडदे विझवता येत नाहीत. अग्निशमन दलांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये पाच हजार कोटी रुपयांची योजना आणली. तीतही बहुतेक राज्यांना प्रकल्पखर्चाचा पंचवीस टक्के वाटा आपल्या खिशातून घालावा लागतो. येथेही पैसा मिळतो तो वस्तू घेण्यासाठी. केंद्राचा पैसा लग्नाला येतो, संसाराला येत नाही. संसार करायचा तो महापालिकेने, आणि तिचे उत्पन्न काय हे कोणत्याही नगरसेवकास विचारावे.

आणखी एक धोका आहे तो मक्तेदारीचा. सामायिक यंत्रणा एकदा एका कंपनीच्या हाती गेली, की तिच्याच यंत्रांना तिचेच सुटे भाग लागतात आणि तिचाच मनुष्य दुरुस्तीला लागतो. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना जोडणारे 'एअरवेव्ह' नावाचे बिनतारी जाळे आहे. त्याच्या जागी नवे आणण्याचे काम वर्षानुवर्षे लांबले, आणि तोवर जुन्याचेच भाडे भरत राहणे भाग पडले. अखेर तेथील स्पर्धाविषयक प्राधिकरणाला २०२३ मध्ये त्या दरांवर मर्यादा घालावी लागली. ब्रिटिश सरकारसारखे बलाढ्य गिऱ्हाईक जेथे अडकते, तेथे ग्वाल्हेरच्या महापालिकेची काय कथा!

येथवर आम्ही रुपयांत मोजता येणाऱ्या खर्चाविषयी बोललो. रुपयांत न मोजता येणारा एक खर्च त्याहून मोठा आहे. तो म्हणजे स्थानिक ज्ञानाचा. ग्वाल्हेरात 'शिंदे की छावनी' आहे, 'निंबाळकर की गोठ' आहे, कंपू आहे, हजीरा आहे, जिनसी नाला आहे. निंबाळकर की गोठ येथे आग लागली असे घाबरलेल्या म्हातारीने सांगितले, तर शहरातल्या जुन्या बंबचालकाला पुढचे काही विचारावे लागत नाही. कोणत्या तोंडाने शिरायचे, कोणत्या वळणावर बंब अडकेल, पाणी कोठे मिळेल, हे त्याच्या हातांना पाठ असते. दूरच्या कक्षातील तरुण कर्मचारी कितीही तत्पर असला, तरी 'गोठ' हा वस्तीचा प्रकार आहे की गुरांचा गोठा, इथपासून त्याची सुरुवात व्हायची. हे ज्ञान यंत्रात भरता येते, नाही असे नाही. पण ते भरण्यासाठी कोणीतरी गल्लीगल्ली हिंडून, लोकांच्या तोंडची नावे टिपून, नकाशावर चढवावी लागतात, आणि दर पावसाळ्यानंतर ती तपासावी लागतात. हा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात आहे? नसेल, तर त्याची किंमत ती म्हातारी देणार, आणि ती रुपयांत देणार नाही.

स्थानिकांस डावलून केलेल्या एकीकरणाचे काय होते, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. तेथील अग्निशमन दलांचे ४६ स्थानिक नियंत्रण कक्ष मोडून त्या जागी नऊ विभागीय कक्ष करावेत, अशी योजना २००४ मध्ये निघाली. इमारती उभ्या राहिल्या. पण ज्या स्थानिक अग्निशमन संस्थांनी ते कक्ष वापरायचे त्यांना ती योजना कधी आपली वाटली नाही, आणि संगणक-प्रणाली तर वेळेवर आलीच नाही. डिसेंबर २०१० मध्ये योजना गुंडाळण्यात आली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे किमान ४६ कोटी ९० लाख पौंड पाण्यात गेले. एकीकरणाची कल्पना तेथेही चूक नव्हती. चूक होती ती संमती गृहीत धरण्याची.

ग्वाल्हेरकरांना विलीनीकरणाचा अनुभव नवा नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा राजधानीचा मान इंदूरबरोबर वाटून घ्यावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाले, तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ, महसूल मंडळ, महालेखापालांचे कार्यालय अशी काही दालने ग्वाल्हेरला ठेवून त्याची समजूत काढण्यात आली. राष्ट्राच्या एकीसाठी ते योग्यच होते, आणि कोणी त्याबद्दल खंत करू नये. पण मोठ्यात मिसळताना लहानाने काय सोडले आणि त्याला काय मिळाले, याचा लेखी करार त्या वेळी झाला होता, हे विसरता कामा नये. बिनतारी यंत्रणेच्या बाबतीत असा लेखी करार का नसावा?

असा करार कसा असावा याचा नमुना शोधायला आमच्या वाचकांना दूर जावे लागणार नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा भांडवलाची वाटणी उघड ठरली: भारतीय रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६ आणि केरळ ६. ज्याच्या भूमीतून जितका मार्ग, ज्याची जितकी ऐपत आणि ज्याला जितका लाभ, याचा विचार करून आकडे कागदावर आले. महामंडळात गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यालाही खुर्ची मिळाली. त्या मार्गावरून वाद झाले, आंदोलने झाली, आखणीवरून कडवट शब्द उच्चारले गेले. पण आपला वाटा किती आणि आपला आवाज कोठे उठवायचा, हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला.

ग्वाल्हेरच्या वाट्याचे गणित मांडताना मात्र एक सावधगिरी हवी. वाटा यंत्रांच्या संख्येवर ठरविला, तर गरीब महापालिका यंत्रेच कमी घेईल, आणि आगीत शिरणाऱ्या दोन जवानांपैकी एकाच्या हाती यंत्र असेल. ही काटकसर जीवघेणी होय. वाटा लोकसंख्येवर ठरविला, तर दहा लाखांवर वस्तीच्या या शहरावर सगळा भार पडेल, आणि ज्यांच्यासाठी शहराची माणसे व बंब हद्दीबाहेर धावतात ती खेडी मोकळी राहतील. ग्वाल्हेरचे जयारोग्य रुग्णालय काही केवळ ग्वाल्हेरकरांचे नाही. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी येथील जखमी तेथेच येतात. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी दतिया जिल्ह्यातील रतनगड देवीच्या नवरात्राच्या यात्रेत पूल पडत असल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत शंभराहून अधिक भाविक गेले. पूल त्या दिवशी पडला नव्हता. तो पडला २०२१ च्या पुरात. अफवा आठ वर्षे आधी धावली आणि सत्य सांगणारा आवाज त्या गर्दीत पोचलाच नाही. अशा प्रसंगी मोठे शहर आपल्या पंचक्रोशीचा आधार असते. म्हणून शहर जे घेते तेवढेच न मोजता ते जे देते तेही मोजले पाहिजे, आणि वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग राज्याने उचलला पाहिजे.

या साऱ्यातून आमच्या मते चार अटी निष्पन्न होतात. पहिली, पुढील दहा वर्षांचा खर्च, खरेदीसह आणि देखभालीसह, सभागृहापुढे एकाच कागदावर यावा. त्याविना ठराव होऊ नये. दुसरी, यंत्रणा चालविणाऱ्या मंडळावर शहराचा प्रतिनिधी असावा, आणि तो केवळ सह्या करणारा नसावा. अग्निशमन दलाचा अनुभवी अधिकारी असावा. तिसरी, मध्यवर्ती कक्षाशी संपर्क तुटला तरी शहरातील यंत्रे मनोऱ्याविना एकमेकांशी बोलू शकतील अशी सोय असावी, आणि जुना स्थानिक कक्ष निदान पावसाळ्यात तरी जागा ठेवावा. श्योपूरचा धडा हाच आहे. चौथी, किती हाका आल्या, किती मिनिटांत मदत पोचली, किती वेळा यंत्रणा मुकी झाली, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा. हिशेब दडविणारी यंत्रणा स्वस्त असली तरी महाग पडते.

हे सारे ग्वाल्हेरला उद्देशून लिहिले असले, तरी ते आम्ही किनाऱ्यावर बसून लिहीत आहोत, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. महाराष्ट्रात ११२ चा मुख्य कक्ष नवी मुंबईत आहे. सिंधुदुर्गच्या वाडीतील हाकही तेथेच ऐकली जाते. गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून आहे, आणि अग्निशमन दल राज्याचे असल्याने महापालिका-राज्य हा तंटा आपल्याकडे नाही. पण समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४, किनारी पोलिसांचा १०९३, जमिनीवरचा ११२, असे क्रमांक आपल्याकडेही वेगवेगळेच आहेत. २००९ चे 'फयान', २०२० चे 'निसर्ग', २०२१ चे 'तौक्ते' यांनी दर वेळी एकच प्रश्न विचारला: मचव्यावरचा तांडेल, बंदरावरचा बावटा, गावचा सरपंच आणि तालुक्याचा बंब यांना जोडणारा आवाज कोठे आहे? ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला देवी लईराईच्या जत्रेत जे घडले, त्यानंतर तर गर्दीच्या जागी खात्याखात्यांनी एकाच लहरीवर असावे, हे सांगण्यासाठी पंडिताची आवश्यकता राहिलेली नाही.

तेव्हा अशी यंत्रणा आपल्या दाराशी येईल, आणि ती यावीच, त्या दिवशी आपल्या लोकप्रतिनिधींनी पहिला प्रश्न यंत्र किती रुपयांचे, हा विचारू नये. दहा वर्षांनी ते कोण चालवील, वादळाच्या रात्री ते कोणाचे ऐकेल, आणि त्याला आमच्या वाडीचे नाव ठाऊक असेल काय, हे विचारावे. पुरात अडकलेल्या माणसाची हाक एकदाच येते. ती ऐकणारा कान जागा ठेवण्याचा खर्च मात्र रोजचा आहे, आणि तो कोणी, किती, कोठवर द्यायचा हे आकाश स्वच्छ असतानाच ठरले पाहिजे.